मराठवाड्यातल्या मध्यम कारखान्याचा सीएसआर: खिसे दोन, डोकं एक

वाळूज, शेंद्रा, जालना किंवा लातूरच्या एमआयडीसीतल्या मध्यम कंपनीत सीएसआर, म्हणजे नफ्यातला कायद्याने ठरलेला हिस्सा समाजासाठी खर्च करणं, हे काम बहुधा एचआरवाल्याच्या गळ्यात पडलेलं असतं. वर्षभर तो कँटीन, बस, युनियन आणि कंत्राटदार सांभाळतो. फेब्रुवारी उजाडला की सीएंचा फोन येतो, एकतीस मार्चच्या आत अमुक लाख खर्ची पडले पाहिजेत. मग सुरू होते धावपळ: दप्तरं, वॉटर फिल्टर, शाळेला रंग आणि वृक्षारोपण. मार्चमध्ये, मराठवाड्यात, वृक्षारोपण!

पैसे जायचे तर जातातच, पण त्यातून गावाचंही फारसं भलं होत नाही आणि कंपनीच्या पदरात एका फोटोपलीकडे काही पडत नाही. हाच पैसा नीट लावला तर गावाचा एखादा प्रश्न सुटतो आणि कारखान्यातल्या माणसांना नवीन काही करून बघायची जागा मिळते. ते कसं, ते क्रमाने सांगतो.

आधी हिशेब

कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. मागच्या आर्थिक वर्षात नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी आकडा गाठला किंवा ओलांडला तरी तुम्ही त्यात येता. मध्यम कंपनीला बहुतेक वेळा नफ्याचीच अट पकडते. भागीदारी संस्था, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) आणि मालकी पेढ्या यांना हे कलम लागू नाही.

उदाहरणाने बघू. समजा तुमचा नफा २०२२-२३ मध्ये ४ कोटी, २०२३-२४ मध्ये ६ कोटी आणि २०२४-२५ मध्ये ८ कोटी झाला. तिन्हींची सरासरी ६ कोटी, तिचे दोन टक्के म्हणजे १२ लाख. ही तुमची २०२५-२६ ची रक्कम. इथे नफा धरायचा तो कलम १९८ प्रमाणे, म्हणजे कर भरण्याआधीचा. करानंतरचा आकडा धरून रक्कम कमी काढली तर पुढे निस्तरावं लागतं.

रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ते काम करतं. कंपनीचा स्वतःचा कार्यालयीन खर्च एकूण सीएसआर खर्चाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे आपल्या उदाहरणात ६० हजार. प्रकल्पावर थेट राबणाऱ्या सामाजिक संस्थेच्या कार्यकर्त्याचा पगार या पाच टक्क्यांत मोजत नाहीत. पुष्कळ कंपन्या तो मोजतात आणि मग गावात काम बघायला माणूसच उरत नाही.

हा खर्च आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही, हे अकाउंट्सला वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा.

खिसे दोन ठेवा

सगळ्या विषयाची मेख इथे आहे. कंपनीचा रोजचा धंदा म्हणून जे काही होतं ते सीएसआर नाही. फक्त आपल्या कामगारांच्या किंवा त्यांच्या घरच्यांच्या फायद्याचं काम सीएसआर नाही. जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व नाही, राजकीय पक्षाला दिलेला पैसा नाही. दुसऱ्या एखाद्या कायद्याने जे करणं भागच आहे तेही नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अटीनुसार कारखान्याच्या आवारात लावलेली झाडं सीएसआरमध्ये दाखवायचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरावा.

सीएसआरच्या प्रकल्पातून काही शिल्लक किंवा उत्पन्न निघालं तर ते कंपनीच्या नफ्यात घेता येत नाही. ते त्याच प्रकल्पात परत घालावं लागतं किंवा कायद्याने नेमून दिलेल्या खात्यात भरावं लागतं. म्हणजे सीएसआरच्या पैशातून एखादं यंत्र विकसित करायचं आणि उद्या तेच बाजारात विकायचं, हा रस्ता बंद आहे.

मग नवकल्पनेचं काय? त्यासाठी आणखी एक नियम लक्षात घ्या. वस्तूरूपात दिलेली मदत रुपयांत मांडून खर्च दाखवता येत नाही, आणि आपल्या कर्मचाऱ्यांनी दिलेला वेळही नाही. तुमचा मेंटेनन्सचा माणूस गावात आठ शनिवार राबला तरी सीएसआरच्या खात्यात त्याची किंमत शून्य. बऱ्याच जणांना हा अन्याय वाटतो. मला ती संधी वाटते. तो वेळ हिशेबात धरतच नसाल, तर तो कुठे आणि कसा वापरायचा हे तुमच्या हातात राहतं. गावाच्या प्रश्नावर लागणारा पैसा पहिल्या खिशातून, सीएसआरमधून. डोकं कारखान्याचं, फुकट. आणि त्या डोक्याला तिथे जे सुचेल त्याचा माल करायचा असेल तर दुसऱ्या खिशातून, म्हणजे कंपनीच्या आरअँडडीच्या (संशोधन-विकासाच्या) किंवा साध्या नफ्याच्या पैशातून. दोन्हींची बिलं, कामाचे आदेश आणि फायली पहिल्या दिवसापासून वेगळ्या.

सोयाबीनचं एक उदाहरण सर्वांच्या ऐकण्यातलं आहे. आयटीसीने २००० साली मध्य प्रदेशात ई-चौपाल सुरू केलं, शेतकऱ्याला गावातच संगणकावर भाव दिसू लागला आणि कंपनी थेट खरेदी करू लागली. शेतकऱ्याचा फायदा झाला, पण तो सीएसआर नव्हता. ती कंपनीची माल खरेदीची नवी पद्धत होती, धंद्याच्या खिशातली. लातूरच्या डाळ मिलने तुरीसाठी किंवा जालन्याच्या बियाणे कंपनीने बीजोत्पादनासाठी असं काही उभं केलं तर तेही धंद्यातच धरायला हवं. त्यात कमीपणा काहीच नाही.

गावात कधी जायचं, कुणाला विचारायचं

कायद्यात स्थानिक भागाला प्राधान्य द्या असं म्हटलंय, आणि व्यवहारही तेच सांगतो. एमआयडीसीतून दुचाकीने जाऊन यायला जमेल असं गाव घ्या. लांबच्या गावाची पाहणी कागदावरच होते.

वेळ मात्र गावाची बघा. जून-जुलैत पेरणीच्या दिवसांत कुणाला बैठकीला बोलावू नका. बीडमधून आणि आसपासच्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात, त्या परत येतात उन्हाळ्याच्या तोंडावर. त्या मधल्या काळात केलेल्या सर्वेक्षणात ज्यांना मदतीची खरी गरज आहे तेच घरात नसतात. म्हातारी माणसं आणि कुलपं भेटतात. म्हणून पाहणी एप्रिल-मेमध्ये किंवा गणपतीच्या आसपास करा. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असतात. १ मे आणि १५ ऑगस्ट या दोन तारखा तुमच्या कामाच्या.

सरपंचांना वगळून गावात काही होत नाही, आणि एकट्या सरपंचांशी बोलूनही होत नाही. त्यांच्याकडून यादी येते ती ठरलेली: सभामंडप, कमान, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट. यादी आदराने घ्या, चहा घ्या आणि मग आशाताई, अंगणवाडीताई, बचत गटाच्या अध्यक्षा आणि नळाला पाणी सोडणारा माणूस यांना वेगवेगळं भेटा. पाणी सोडणाऱ्याला तर आवर्जून. गावाचं पाणी कुठे मुरतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

प्रश्न कारखान्यात आणा

वाळूजच्या कुठल्याही चांगल्या शॉप फ्लोअरवर कायझेनचे, म्हणजे कामात केलेल्या छोट्या छोट्या सुधारणांचे, तक्ते लागलेले असतात, क्वालिटी सर्कलच्या स्पर्धा होतात, बक्षिसं मिळतात. ही सवय आपल्याकडे मुरलेली आहे. ती गावाच्या प्रश्नाला लावा.

समजा गावाची तक्रार अशी आहे: पाणीपुरवठ्याची मोटर सारखी जळते, कंपनीने नवी द्यावी. देऊन टाकणं सोपं आहे, बारा लाखांत सहज बसेल. पण आधी मेंटेनन्सचे दोघं आणि इलेक्ट्रिकलचा एक अशी तुकडी पाठवा आणि कारखान्यात करतात तसं 'का-का' विचारा.

मोटर का जळली? कोरडी चालली म्हणून. कोरडी का चालली? विहिरीचं पाणी दुपारपर्यंत तळाला गेलं होतं. मग कुणी बंद का नाही केली? पाणी सोडणारा शेतावर होता. त्याने चालू तरी केली कधी? केलीच नाही, लाईट आली की आपोआप सुरू व्हावी म्हणून ऑटो स्टार्टर लावलाय. तो का लावला? कारण लाईट रात्री-अपरात्री येते आणि त्या माणसाला महिन्याकाठी मिळणाऱ्या पैशात रात्री उठणं परवडत नाही.

पाच प्रश्नांत चित्र पालटलं. नवी मोटर दिली असती तर पुढच्या फेब्रुवारीत तीही जळाली असती. हवं आहे ते कोरडं चालण्यापासून वाचवणारं साधं संरक्षण, विहिरीत पातळीचा सेन्सर, आणि पाणी सोडणाऱ्याचं मानधन वाढवायचा ग्रामपंचायतीचा ठराव. पहिल्या दोन गोष्टी बाजारात मिळतात. तिसरी कुठल्याच बाजारात मिळत नाही, आणि बाकी दोन्हींचं आयुष्य तिच्यावर अवलंबून आहे.

आता कारखान्याचा फायदा बघा. ही तुकडी परत आली की तिला आपल्याच आवारातल्या बोअरला मीटर नाही हे दिसू लागतं. कूलिंग टॉवरला पाणी किती जातं, टँकर किती येतात, ईटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं) पाणी बागेला पुरतं का, हे प्रश्न ती स्वतःहून विचारू लागते. एखाद्या प्रेस शॉपवाल्याला सेन्सरच्या वेष्टनासाठी स्वस्त फिक्स्चर (वस्तू पक्की धरून ठेवणारा साचा) सुचतं. इथून पुढचं सगळं दुसऱ्या खिशातलं. नमुना बनवायला चिकलठाण्याचं इंडो-जर्मन टूल रूम हाताशी आहे. उद्योगाची कल्पना म्हणून पुढे न्यायची असेल तर सीएमआयए या मराठवाड्यातल्या उद्योजकांच्या संघटनेने उभं केलेलं मॅजिक हे इनक्युबेटर, म्हणजे नवउद्योगांना हात देणारं केंद्र, आहे.

इनक्युबेटरला सीएसआरमधून पैसे देता येतात का, हा प्रश्न नेहमी येतो. देता येतात. अट अशी की विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा वैद्यक या क्षेत्रातल्या त्या इनक्युबेटरला केंद्र किंवा राज्य सरकारचा, त्यांच्या एखाद्या यंत्रणेचा किंवा सार्वजनिक उपक्रमाचा निधी मिळत असला पाहिजे. तसं पत्र आधी हातात घ्या. आणि तिथल्या नवउद्योजकाने पुढे तुम्हालाच माल पुरवावा अशी अट त्या पैशाला चिकटवू नका.

मालमत्ता कुणाच्या नावावर

सीएसआरच्या पैशातून घेतलेली वस्तू कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. सीएसआर नोंदणी क्रमांक असलेली संस्था, लाभार्थ्यांचा बचत गट किंवा समूह, नाहीतर ग्रामपंचायतीसारखी सार्वजनिक संस्था, यांपैकी कुणाच्या तरी नावावर ती हवी. मिनी डाळ मिल देत असाल तर मला बचत गटाचं नाव बरं वाटतं. ग्रामपंचायतीत सत्ता बदलली की खोलीची किल्ली हरवते.

दिलेली वस्तू दोन वर्षांनी कोण चालवणार, हे देण्याआधी लिहून घ्या. रस्त्याकडेला बंद पडलेली आरओची केबिन आपल्याकडे नवलाई राहिलेली नाही. पत्रा गंजलेला, नाणं टाकायच्या फटीत काडी अडकवलेली, मेंब्रेन बदलायला पैसे नाहीत म्हणून नळाला कापड बांधलेलं, आणि वर कंपनीचा लोगो मात्र स्पष्ट वाचता येतो. यापेक्षा वाईट जाहिरात पैसे देऊनही मिळणार नाही. म्हणून वीज बिल कुणाच्या नावावर, वीस लिटरच्या जारला किती पैसे घ्यायचे, दुरुस्तीसाठी त्यातले किती बाजूला टाकायचे, वाया जाणारं पाणी कुठे सोडायचं, या चार गोष्टी ठरल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

संस्था निवडताना

कंपनी स्वतः काम करू शकते, पण बारा-पंधरा लाखांसाठी ते झेपत नाही. संस्था घ्या. तिच्याकडे आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळालेला क्रमांक हवा, जो १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे, आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. कागद बघणं हे तुमच्या सीएंचं काम. तुमचं काम वेगळं आहे: संस्थेने तीन वर्षांपूर्वी संपवलेल्या एखाद्या प्रकल्पाचं गाव विचारा आणि संस्थेचा माणूस सोबत न घेता तिथे जा. सादरीकरणात दाखवतात ते काम नेहमी ताजं असतं.

मराठवाड्यात संस्थांचा दुष्काळ नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव पट्ट्यात बायकांमध्ये काम करणाऱ्या संस्था रुजल्या. स्वयम् शिक्षण प्रयोग त्यातलीच एक, तिचा एक एकर शेतीचा प्रयोग बघण्यासारखा आहे. जालन्याचं कडवंची गाव तर प्रत्येक सीएसआरवाल्याने एकदा पाहावं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात तिथे इंडो-जर्मन कार्यक्रमातून माथा ते पायथा पाणलोटाची कामं झाली आणि पुढे शेततळी आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. एका मार्च एण्डमध्ये यातलं काहीही झालेलं नाही, हे तिथे गेल्यावर लगेच कळतं.

गाळ आणि ३१ मार्च

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. तेव्हापासून पाण्याचं काम म्हटलं की कुठल्याही संचालक मंडळाची मान हलते. तलावातला गाळ काढून शेतात टाकणं हे त्यातलं लवकर दिसणारं काम, आणि २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजनाही आहे. अडचण एकच. तलाव कोरडा पडतो मार्च-एप्रिलमध्ये, मृगाच्या आधी काम आटोपावं लागतं, आणि बरोबर मधोमध आर्थिक वर्ष संपतं.

यावर उपाय दोन. एक तर हा खर्च नव्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत धरा, म्हणजे एप्रिल-मेमध्ये काम आणि खर्च एकाच वर्षात. त्यासाठी गावाची निवड जानेवारीत आणि तलाव ज्या विभागाचा त्याची परवानगी मार्चच्या आत. नाहीतर संचालक मंडळाकडून तो 'ऑनगोइंग', म्हणजे एका वर्षात न संपणारा, प्रकल्प म्हणून आधीच मंजूर करून घ्या. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत असा प्रकल्प चालवता येतो. न खर्च झालेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलच्या आत, त्यासाठी उघडलेल्या खास बँक खात्यात टाकायची. ऑनगोइंग नसलेल्या कामाचे उरलेले पैसे मात्र सहा महिन्यांत कायद्याने सांगितलेल्या सरकारी निधीत जातात. ते भरायचं राहिलं तर दंड त्या रकमेच्या दुप्पट किंवा एक कोटी, यातलं जे कमी असेल तो.

प्रत्यक्ष तलावावर कारखान्याची शिस्त न्या. पोकलेनच्या मीटरचं सकाळ-संध्याकाळचं रीडिंग आणि डिझेलचे लिटर एकाच वहीत. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर तलावाच्या पातळ्या मोजलेल्या. प्रत्येक ट्रॉलीला स्टोअरमध्ये असतो तसा तीन प्रतींचा गेटपास: एक तलावावर, एक ट्रॅक्टरवाल्याकडे, एक शेतकऱ्याच्या सहीने गट नंबरसह परत. हा गेटपास म्हणजे काही मोठं तंत्रज्ञान नव्हे, पण खेपांचं भांडण त्यानेच मिटतं. गाळ संपून मुरूम लागला की थांबायचं. बांधाच्या पायथ्याला तर हातच लावायचा नाही.

गाळ कुणाच्या रानात जातो हेही बघा. ज्याचा ट्रॅक्टर आहे आणि ज्याचं शेत तलावाला लागून आहे, तो अर्धा तलाव नेतो. दोन एकर बरड रान असलेल्या विधवा बाईच्या वाट्याला एक खेप येत नाही. वाहतुकीसाठी सरकारी अनुदान मिळतं का ते पाहा, आणि मिळत नसेल तर तुमच्या पैशातला एक हिस्सा अशा नावांसाठी आधीच राखून ठेवा. ही यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या. कुजबुज होईल, होऊ द्या.

कागद

वर्षाचा कृती आराखडा एप्रिलमध्ये मंजूर करा: कोणते प्रकल्प, ते कोण करणार, पैसे कोणत्या टप्प्याने, देखरेख कशी. दिलेले पैसे ठरल्याप्रमाणे वापरले गेले असं सीएफओंनी, किंवा आर्थिक कारभार बघणाऱ्या व्यक्तीने, प्रमाणित करावं लागतं. त्यामुळे संस्थेला एकरकमी धनादेश देऊ नका. वेबसाईट असेल तर धोरण आणि प्रकल्प तिच्यावर हवेत. जास्तीचा खर्च झाला तर तो पुढच्या तीन वर्षांत वळता करता येतो, पण तसा ठराव हवा. परिणाम मूल्यमापनाची सक्ती सरासरी १० कोटी किंवा जास्त सीएसआर असलेल्या कंपन्यांना, आणि तीही १ कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांपुरती. आपण त्यात बहुधा नाही. तरी एक वर्षाने गावात जाऊन त्याच पाणी सोडणाऱ्याला भेटायला कुणाची हरकत नसावी. दर वर्षीचं प्रवासभत्त्याचं बिल दुसऱ्या खिशातून द्या, कारण तो माणूस तुमच्या इंजिनिअरला शिकवतोय.

बारा लाखांत काय होतं?

एकट्याने फार नाही. पण कायद्याने दोन-चार कंपन्यांना मिळून एक प्रकल्प करता येतो. जालन्यातल्या पाच स्टील मिलनी किंवा वाळूजच्या एकाच पट्ट्यातल्या शेजाऱ्यांनी एक ओढा आणि त्यावरची तीन-चार गावं घेतली, तर तीन वर्षांत पाणलोटाचं काम जमेल इतका पैसा उभा राहतो. अट एवढीच की प्रत्येक कंपनीला आपला हिस्सा वेगळा दाखवता आला पाहिजे. करार एकच करा, पण संस्थेकडून उपयोगिता प्रमाणपत्र प्रत्येकाच्या नावाने वेगळं मागा, संस्थेचं बँक खातं या प्रकल्पापुरतं स्वतंत्र ठेवायला सांगा, आणि फलकावर नावं कुठल्या क्रमाने येणार ते काम सुरू व्हायच्या आधीच ठरवून टाका. शक्यतो मराठी वर्णमालेने.